बंद स्लाइडमध्ये राहता येईल का? आधी बंद गाडीचा नकाशा काढा

दारव्ह्याकडच्या एका दादांचा प्रश्न आहे. ते नवीन चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, बांधून घेत आहेत. बॉडी बांधणाऱ्याने उजव्या बाजूला स्लाइड-आउट सुचवलाय, म्हणजे भिंतीचा एक भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकणार. त्यात सोफा-कम-बेड आणि फ्रिज. ड्रॉइंगमध्ये गाडी हॉलसारखी मोकळी दिसते. सोबत वहिनी, दोन मुलं आणि ७५ वर्षांची आई, जिचे गुडघे दुखतात. ते विचारतात, "वाटेत जिथं स्लाइड उघडता येणार नाही तिथं आतून गाडी वापरता येईल का? की तेवढा वेळ ती नुसती सामानाची पेटी होऊन बसेल?"

अमरावती जिल्ह्यात माझं बॉडी बांधायचं शेड आहे. बावीस वर्षं झाली. सुरुवात शाळेच्या बस आणि अॅम्ब्युलन्सनी केली, मग फिरते दवाखाने केले, आणि गेल्या काही वर्षांत कॅरॅव्हॅन. स्लाइडवाल्या गाड्या मोजक्याच बांधल्या, पण प्रत्येकीचं पुढचं सगळं दुखणं-खुपणं माझ्याकडेच आलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा, तुम्हाला दाखवलेलं ड्रॉइंग उघड्या गाडीचं आहे, म्हणजे स्लाइड बाहेर काढलेली असतानाचं. बंद गाडीचं ड्रॉइंग तुम्हाला कोणी दाखवलेलंच नाही. माझ्या मते सगळी अडचण इथंच आहे. आपल्या भागात फिरताना गाडी बहुतेक वेळ बंदच असणार आहे. तुम्ही लिहिलेला प्रवासच घ्या. दारव्ह्याहून लोणार, तिथून शेगाव, मग चिखलदरा आणि परत, पाच दिवस. आता थांबे मोजा. सकाळचा चहा, आईच्या गोळ्या, झाडाखाली जेवण, मुलांची दुपारची झोप, वॉशरूमसाठी थांबणं, शेगावात मिळेल त्या पार्किंगमध्ये काढलेली रात्र, पेट्रोल पंपाच्या कडेला काढलेली दुसरी. स्लाइड निवांत बाहेर काढता येईल अशा फार तर दोन रात्री निघतील. बाकीचे सगळे तास बंद गाडीतले.

अमेरिकेत हा प्रकार १९९० च्या आसपास मोटरहोममध्ये आला. तिकडे कॅम्पग्राउंडवर सपाट, पक्क्या जागा आखलेल्या असतात, वीज-पाण्याची जोडणी असते, लोक आठवडाभर एका जागी राहतात. तिथं उघडी गाडी हेच घर. तरी मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये एखादी रात्र काढायची असेल तर तिकडचे जाणते लोकही स्लाइड आतच ठेवतात. आपल्याकडे राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण गावोगाव अशा आखीव जागा काही उभ्या राहिलेल्या नाहीत. लोणारला असो की मार्कंड्याला, मिळेल त्या मैदानात उभं राहायचं. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो, बंद गाडीत स्वयंपाक, झोप आणि वॉशरूम हे तिन्ही जमलं पाहिजे. स्लाइड उघडल्यावर मिळते ती वरची ऐसपैस.

आता तुमच्या गाडीत हे जमेल का, ते चार-पाच गोष्टींवर ठरेल: आतली रुंदी, स्लाइडमध्ये काय बसवलंय, त्याच्या समोर काय येतं, वॉशरूमचं दार कसं उघडतं आणि स्लाइडची फरशी कुठे टेकते. सगळी मापं तुम्ही दिलेली नाहीत, म्हणून मी नेहमी बांधतो त्या गाडीचा हिशेब मांडतो. तुम्ही आपले आकडे घालून बघा.

आतली रुंदी साधारण ८४ इंच धरा. सोफा ३२ इंच खोल. स्लाइडची स्वतःची भिंत आणि रबराची चौकट मिळून ३ इंच खाते. म्हणजे बंद असताना सोफ्याची पुढची कड भिंतीपासून ३५ इंचांवर येते. समोर किचनचा ओटा २२ इंचांचा. ८४ मधून ३५ आणि २२ गेले, उरले २७ इंच. स्लाइड २४ इंच बाहेर गेली की हेच ५१ होतात. ड्रॉइंगमध्ये तुम्हाला दिसली ती ही ५१ इंचांची गाडी. राहायचंय मात्र २७ इंचांत. २७ वाईट नाही. एक माणूस ओट्यापाशी उभा राहून पोळ्या लाटू शकतो, दुसरा अंग चोरून मागून जातो.

गाडी अडते ती फ्रिजपाशी. फ्रिज स्लाइडमध्ये असेल तर हँडल आणि चौकट धरून त्याचं तोंड २९ इंचांवर येतं. आणि बहुतेक ड्रॉइंगमध्ये त्याच्या समोर वॉशरूमची खोली असते, ३४ इंचांची. उरतात २१ इंच. फ्रिजचं दार उघडायला २२-२३ इंच तरी लागतात, म्हणजे ते अर्धवटच उघडणार, आतला ट्रे निघणार नाही. वॉशरूमचं दार बाहेर उघडणारं असेल तर ते फ्रिजवर आपटणार. आणि आईला हाताला धरून न्यायचं म्हटलं तर २१ इंचांतून दोघं जाऊच शकत नाहीत. एका माणसाच्या खांद्यांनाच १७-१८ इंच लागतात.

त्यामुळे तुमच्या गाडीसाठी दोन बदल मी आत्ताच सांगतो. फ्रिज स्लाइडमधून काढून पक्क्या भिंतीला घ्या. आणि वॉशरूमला बिजागरीचं दार नको, सरकतं किंवा घडीचं करा. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. फ्रिज काढल्याने स्लाइडचं वजनही उतरतं, मोटर आणि रुळांना तेवढाच आराम. बांधणारा म्हणेल, वायरिंग बदलावं लागेल. बदलू द्या. कागदावर बदल करायला पैसे लागत नाहीत, प्लाय कापल्यावर लागतात.

कागदावरही सगळं कळत नाही. मी गिऱ्हाइकाला अंगणात चुन्याने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन आखायला सांगतो. सोफ्याच्या जागी खाट, ओट्याच्या जागी टेबल, फ्रिजच्या जागी धान्याची कोठी, वॉशरूमच्या भिंतींसाठी दोऱ्या. सगळं बंद गाडीच्या मापाने मांडायचं. मग घरातल्या प्रत्येकाने तिथं अर्धा तास वावरायचं. चहा करायचा, भांडी विसळायची नक्कल करायची, मुलांना जेवायला बसवायचं. आणि रात्री दिवे बंद करून नुसत्या टॉर्चच्या उजेडात आईला खाटेवरून उठून वॉशरूमपर्यंत चालवायचं. वर्धा जिल्ह्यातल्या एका घरी मी या वेळी हजर होतो. म्हातारे बाबा काठी घेऊन निघाले, वॉशरूमच्या दोरीपर्यंत नीट पोहोचले, आणि आत वळताना काठी कोठीला अडकली. सरळ चालायला जागा पुरत होती, वळायला पुरत नव्हती. टेप लावून मला हे दिसलं नसतं. आम्ही वॉशरूमचं तोंड सहा इंच पुढे सरकवलं आणि आत-बाहेर दोन्हीकडे पकडायला स्टीलचे दांडे लावले. तुम्ही हे अंगणातलं काम टाळू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

झोपेचा विचार वेगळा करावा लागतो. सोफा-कम-बेड बंद गाडीत उघडला की त्याची गादी मधल्या वाटेत येते, कधी थेट ओट्याला टेकते. मग पुढच्या भागात झोपलेल्या माणसाला रात्री वॉशरूमला जायला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. आईची जागा वॉशरूमच्या बाजूला ठेवा, मधे उघडणारा बेड येणार नाही अशी. मुलं पुढे झोपतील. ज्यांच्याकडे घरात वडीलधारं माणूस आहे त्यांना मी मागच्या पक्क्या भागात एक कायमचा अरुंद पलंग द्यायला लावतो, २७-२८ इंचांचा का असेना. तो स्लाइडवर अवलंबून नसतो.

बंद स्लाइडवर बसलं-झोपलं तर चालतं का, हेही तुम्ही विचारलंय. हे बांधणीवर आहे. स्लाइड पूर्ण आत आली की तिचा तळ रोलरवर आणि मुख्य फरशीवर नीट टेकत असेल तर दोन माणसांच्या वजनाने काही होत नाही. नुसती दोन रुळांवर तोललेली असेल तर रोज झोपल्याने रुळ वाकतात आणि मग ती एका बाजूने ओढते. बांधणाऱ्याला सरळ विचारा, "बंद असताना वजन कशावर येतं?" त्याने बोट ठेवून दाखवलं पाहिजे. पण अर्धवट उघडी स्लाइड कधीच वापरू नका. जागा कमी आहे म्हणून एक फूट तरी काढू, असं पुष्कळ जण करतात. पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असतानाच तिचे रबर चारी बाजूंनी बसतात आणि वजनाला आधार मिळतो. मधे थांबली की सगळा भार मोटरच्या दातांवर आणि रुळांवर येतो, आणि फटीतून धूळ, पाणी, किडा-मुंगी आत येते.

बऱ्याच गाड्यांत बंद स्लाइडची फरशी मुख्य फरशीच्या वर येऊन बसते. दोन-तीन इंचांची पायरी बरोबर चालायच्या वाटेत तयार होते. उघड्या गाडीत ती कडेला असते, म्हणून ड्रॉइंग पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही. आईसाठी ही पायरी धोक्याची आहे. कडेला उतार द्या, पिवळी पट्टी लावा, आणि खाली एक लहान एलईडी रात्रभर चालू राहील असा.

आता गॅस. बंद गाडीत शेगडी आणि सोफ्याचं कापड यांच्यातलं अंतर एकदम कमी होतं. उघड्या गाडीत चार फूट लांब असलेला पडदा शेगडीपासून दोन फुटांवर येतो. म्हणून शेगडी सोफ्याच्या समोर नको, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला घ्या. आणखी एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो. म्हणून फरशीलगत हवा बाहेर जायला जाळी ठेवतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत ही जाळी अशा जागी होती की स्लाइड आत आली की तिच्या तळाखाली झाकली जायची. गाडी उघडी असताना तपासणाऱ्याला जाळी मोकळी दिसली, आणि ते कुटुंब वर्षभर बंद गाडीत स्वयंपाक करत राहिलं. त्यांना सांगताना माझा हात थरथरत होता. तुमच्या गाडीत स्लाइड बंद करून फरशीवर झोपा, टॉर्च लावा आणि जाळी मोकळी आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गॅसचा अलार्म फरशीलगतच लावा. छतावरचा पंखा स्वयंपाकाच्या वेळी चालू हवाच, कारण स्लाइडच्या बाजूच्या खिडक्या बंद असताना भिंतीआड जातात. उरते फक्त तिची समोरची खिडकी.

तीच गोष्ट आपत्कालीन खिडकीची, आणि इथं मी कोणाशीही तडजोड करत नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती, जे वाचले ते काचा फोडून निघाले. त्यानंतर मी माझ्या शेडमधल्या प्रत्येक गाडीत एकच प्रश्न विचारतो: दार खाली गेलं तर बाहेर कुठून पडायचं? स्लाइडवाल्या गाडीत हा प्रश्न बंद अवस्थेतच विचारायचा, कारण धावताना ती बंदच असते. आपत्कालीन खिडकी सोफ्याच्या पाठीमागे किंवा स्लाइडच्या आड गेली तर ती असून नसल्यासारखी. माझा आग्रह असतो की मागच्या पक्क्या भिंतीला एक मोठी खिडकी आणि छतावर माणूस निघेल एवढं झाकण, दोन्ही स्लाइडच्या वाटेबाहेर. आणि काच फोडायचा हातोडा आईच्याही हाताला येईल एवढ्या उंचीवर.

चालत्या गाडीत कोणी स्लाइडच्या बेडवर पडायचं नाही, हे ओघाने आलंच. सगळ्यांनी बेल्टच्या सीटवर बसायचं. लहान मुलं ऐकत नाहीत, म्हणून बेड प्रवासात घडी करून पट्टा लावून ठेवा.

उन्हाळ्यात बंद गाडीचा एक फायदा आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लहान जागा एसीने लवकर थंड होते आणि स्लाइडच्या पातळ छतातून येणारी झळ कमी लागते. फक्त एसीची जाळी बंद स्लाइडच्या चौकटीआड जात नाही ना ते बघा. दुपारी दोन तास थांबायचं असेल तर मी स्वतः स्लाइड काढतच नाही.

पावसाळ्याचं मात्र माझ्यावर बेतलेलं सांगतो. दिग्रसच्या पुढे एका नातेवाइकाच्या वावराशेजारी, जुलैमध्ये, पांदणीच्या तोंडाशी मी माझीच गाडी लावली होती. संध्याकाळी जमीन टणक वाटली, चार जॅक लावले, स्लाइड काढली. रात्री तीन तास पाऊस पडला. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते. पहाटे मागचं उजवं चाक चार इंच खाली गेलेलं, बॉडीला पीळ बसलेला, आणि स्लाइड निम्म्यावर येऊन अडकली. मोटर नुसती घुरघुरत होती. स्लाइड बाहेर असताना गाडी हलवता येत नाही आणि गाडी सरळ झाल्याशिवाय स्लाइड आत येत नाही. शेजारच्या वावरातले काका बंडी धुऱ्याला लावून आले, वाकून जॅकखाली बघितलं आणि म्हणाले, "या मातीत जॅक नाई टिकत भाऊ, खाली फळ्या टाका लागते." त्यांनीच घरून बाभळीच्या जाड फळ्या आणल्या. चिखल उपसून, फळ्या घालून, एक-एक जॅक वर घेत गाडी सरळ केली आणि हाताच्या हँडलने स्लाइड आत फिरवली. अडीच तास लागले. तोपर्यंत अर्धी गादी भिजली होती.

तेव्हापासून काळ्या मातीवर पावसाळ्यात मी स्लाइड उघडत नाही. मुरूम किंवा डांबर असेल तरच. इतर वेळीही प्रत्येक जॅकखाली दीड इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद फळी घालतो. तुम्ही दारव्ह्याचे, काळ्या मातीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, पण त्या मातीवर चार टनांची गाडी उभी करून भिंत बाहेर काढणं हा अनुभव वेगळा आहे.

बाजूचंही बघा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबलं की उजवी बाजू रहदारीकडे असते. तुमची स्लाइड उजवीकडे आहे, तेव्हा कडेच्या थांब्यावर ती कधीच उघडायची नाही. कापसाची ट्रॉली किंवा एसटी घासून जाते तेव्हा दोन फूट म्हणजे फार. डावीकडे घेतली तर ती शेताकडे उघडेल, पण दार आणि स्लाइड एकाच बाजूला आल्याने आतली मांडणी बदलेल, आणि बाभळीच्या फांद्यांवर लक्ष ठेवावं लागेल. तुमच्या मापात उजवीकडेच बरी.

मोटर आणि बॅटरीचं थोडक्यात. हँडब्रेक ओढल्याशिवाय स्लाइड हलूच नये असा रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) बसवून घ्या. स्लाइड हलवताना इंजिन चालू ठेवा. बॅटरी उतरली की मोटर रडतखडत चालते आणि एक बाजू मागे पडते. हाताने फिरवायचं हँडल कुठे लागतं ते अंधारात एकदा करून बघा. आत घेण्याआधी छतावरची पानं आणि पाणी काढा, नाहीतर ते सगळं सोफ्यावर येतं. रबराला साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. सिलिकॉनचा स्प्रे पुरतो. आणि स्लाइड हलताना मुलं कुठे आहेत ते मोठ्याने हाक मारून विचारायचं, प्रत्येक वेळी.

कागदपत्रांचं सांगायचं तर, धावत्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत लागते, म्हणजे स्लाइड पूर्ण आत आणि कुलूपबंद. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परस्पर असा बदल करता येत नाही. बांधणारा "नंतर पासिंगचं बघू" म्हणत असेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.

तर आता घरी तीन कामं करा. बांधणाऱ्याकडून बंद स्लाइडचं ड्रॉइंग मागा, मापांसकट. अंगणात चुना टाकून मांडणी करा. आणि रात्री आईला टॉर्च देऊन चालवा. वाटेत सगळ्यात अरुंद जागा किती इंच निघाली आणि आई कुठे थबकली, तेवढं मला इथंच लिहून कळवा. त्यावरून ओट्याची रुंदी आणि दांड्यांच्या जागा मी काढून देतो.